सोलापूरच्या उन्हात होम थिएटर रूममधलं कलेक्शन कसं ठेवायचं: डिस्क, रेकॉर्ड, कॅसेट, हार्ड डिस्क सगळं

डिस्क आणि रेकॉर्ड कशा जपायच्या असं नेटवर शोधलं की बहुतेक सल्ले ओलाव्याचे निघतात, डीह्युमिडिफायर घ्या, बुरशी येऊ देऊ नका, पावसाळ्यात कपाट उघडं ठेवा वगैरे. मुंबईत, कोकणात राहणाऱ्याला ते बरोबर आहे. पण आपल्याकडे सोलापुरात पाऊस असतोच किती? आपलं दुखणं वेगळं आहे, ऊन, धूळ आणि कूलर. या तिघांचा बंदोबस्त केला की कलेक्शन पुढच्या पिढीपर्यंत जातं, आणि तो करायला लाखो रुपये लागत नाहीत, रॅक कुठल्या भिंतीला लावायचा इथपासून विचार करायला लागतो एवढंच.

तर आधी जागा. हल्ली जुळे सोलापूर, होटगी रोड, विजापूर रोड साइडला नवीन घर बांधणारे लोक होम थिएटरची रूम हमखास गच्चीला लागून वरच्या मजल्यावर काढतात, कारण आवाजाचा खालच्यांना त्रास नको. आवाजाच्या दृष्टीने ठीक, पण मे महिन्यात पारा ४२-४३ च्या पुढे जातो आपल्याकडे, आणि दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत खाली उष्णता सोडत राहतो, त्यामुळे बाहेर वारं सुटलं तरी त्या रूममध्ये उकडतच असतं. पश्चिमेची भिंत तर सगळ्यात वाईट, दुपारनंतर हात लावून बघा. त्या भिंतीला रॅक अजिबात नको. घराच्या आतल्या बाजूची, म्हणजे पलीकडे दुसरी खोली किंवा पॅसेज आहे अशी भिंत निवडा. आणि लॉफ्टवर काहीही ठेवू नका, म्हणजे खरंच काहीही नाही, जुनी कॅसेटची खोकी असतात ना तिथे वर टाकलेली, ती आजच खाली काढा. गरम हवा वर जाते आणि लॉफ्ट स्लॅबच्या अगदी खाली असतो, घरातली सगळ्यात तापणारी जागा तीच.

ज्यांचं घर जुन्या पेठेत आहे, दगडी जाड भिंतींचा वाडा आहे, त्यांनी नशीब समजायचं. तसल्या घरात तळमजल्याच्या आतल्या खोलीत उन्हाळ्यात सुद्धा बराच गारवा राहतो, तिथेच कलेक्शन ठेवा, थिएटरची रूम वर असली तरी. बघायच्या असतील तेवढ्या डिस्क संध्याकाळी वर न्यायच्या. सगळं कलेक्शन स्क्रीनच्या शेजारीच पाहिजे असा काही नियम नाही.

एक छोटा डिजिटल थर्मामीटर घ्या, तापमान आणि आर्द्रता दोन्ही दाखवणारा, काही शे रुपयांत मिळतो. तो रॅकमध्येच ठेवायचा, भिंतीवर शोसाठी नाही. लायब्रऱ्या आणि आर्काइव्ह वाले डिस्कसाठी २० अंशापर्यंत तापमान आणि २० ते ५० टक्के आर्द्रता सांगतात. आपल्याला घरात २० अंश जमणार नाही हे उघड आहे, आणि त्याची एवढी काळजी पण करू नका, फॅक्टरीत छापलेली डिस्क कणखर असते. आपण एवढंच बघायचं की रॅकमधलं तापमान ३५ च्या वर फार वेळ राहत नाही ना आणि एका दिवसात खूप वरखाली होत नाही ना. दार असलेलं कपाट इथे कामाला येतं, बाहेर रूम तापली-गार झाली तरी आत बदल हळू होतो.

आता कूलर. हा मुद्दा नेटवर कुठेच सापडत नाही कारण ते लिहिणारे सगळे एसीवाले. आपल्याकडे जानेवारीतली गड्ड्याची यात्रा संपली की महिन्याभरात ऊन चढायला लागतं आणि घरोघरी कूलर खाली निघतो. कूलर हवा गार करतो ती पाण्याची वाफ मिसळून, म्हणजे ज्या कोरड्या हवेमुळे आपलं कलेक्शन टिकत होतं ती हवाच तो ओली करतो, त्यात खिडकी बंद करून लावला तर रूम दमट होऊन जाते. शिवाय बोअरचं पाणी आपल्याकडे क्षारांचं, कूलरच्या जाळीवर पांढरा थर बसतो तो बघितलाच असेल, बारीक तुषार उडाले की तसलाच थर डिस्कच्या कव्हरवर आणि प्रोजेक्टरच्या लेन्सवर पण बसतो. म्हणून जमत असेल तर थिएटर रूमला छोटा एसी बसवा, तो हवा कोरडी पण करतो. एसी नसेल आणि कूलरच लावायचा असेल तर कूलरचा झोत रॅककडे नको, समोरची खिडकी उघडी ठेवायची, रॅकची दारं बंद ठेवायची, आणि पिक्चर संपला की पाण्याची मोटर बंद करून नुसता पंखा पंधरा-वीस मिनिटं चालू ठेवायचा म्हणजे रूम सुकते. एवढं केलं तर कूलरवर सुद्धा निभावतं.

धूळ. यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण डिस्क खराब होतात त्यातल्या बऱ्याच धुळीने आणि ती चुकीच्या फडक्याने पुसल्याने. पूर्व भागात ज्यांच्या घराजवळ यंत्रमाग आहेत तिथे नुसती धूळ नसते, सुताचा बारीक कचरा हवेत असतो, तो कव्हरच्या फटीत, प्लेअरच्या ट्रेमध्ये, रेकॉर्डच्या खाचेत सगळीकडे जातो. उघडा रॅक दिसायला भारी दिसतो हे मान्य, पण सोलापुरात उघडा रॅक म्हणजे दर आठवड्याला पुसत बसणं. दार लावा. काचेचं लावायचं तर दोन गोष्टी, एक म्हणजे प्रोजेक्टरचा उजेड काचेवर पडून परत डोळ्यावर येतो म्हणून तसला रॅक स्क्रीनच्या बाजूला नको, बसायच्या जागेच्या मागे असावा, आणि दुसरं म्हणजे सबवूफर वाजला की सैल काच खडखडते, तिथे दाराला हार्डवेअरच्या दुकानात मिळणारे फेल्टचे किंवा रबराचे गोल तुकडे चिकटवा. दार परवडत नसेल तर सरळ पडदा लावा रॅकला. आपल्याकडे घरात सोलापुरी चादर असतेच, जाड वीण असते, गडद रंगाची एखादी रॅकवर सोडली की धूळ अडते आणि चकचकीत कव्हरांवरून येणारा उजेड पण अडतो. फक्त नवी चादर आधी एक-दोनदा धुवून घ्या, नव्या चादरीचा सुटा धागा झडतो.

आणि टॉवेल! टेरी टॉवेल आपल्या गावात घराघरात, हाताशी असतो, म्हणून लोक डिस्क त्यानेच पुसतात. कृपा करून पुसू नका. त्याच्या फासांत धुळीचे कण अडकून बसतात आणि तेच कण डिस्कवर घासले जातात. चष्मा पुसायला मिळतं तसलं मायक्रोफायबरचं कापड घ्या, आणि पुसताना डिस्कच्या मधल्या भोकापासून सरळ बाहेरच्या कडेकडे पुसायचं, गोल गोल कधीच नाही. कारण माहिती गोल वळणात लिहिलेली असते, गोल ओरखडा गेला की सलग बराच भाग जातो आणि प्लेअरला तो सावरता येत नाही, आतून बाहेर सरळ गेलेला ओरखडा मात्र तो बऱ्याचदा सावरून घेतो.

सीडीबद्दल एक गोष्ट अजून बऱ्याच जणांना माहीत नसते. आपण चमकणारी बाजू जपतो आणि छापील बाजू टेबलावर आपटतो, पण सीडीची माहिती छापील बाजूच्या अगदी खाली असते, वर फक्त लॅकरचा पातळ थर. म्हणजे त्या बाजूने ओरखडा गेला तर माहितीच उडते, तो पॉलिश करून पण निघत नाही. डीव्हीडीमध्ये माहितीचा थर दोन पातळ चकत्यांच्या मध्ये सुरक्षित असतो. ब्लू-रे मध्ये तो वाचायच्या बाजूपासून फक्त ०.१ मिलिमीटरवर, म्हणून त्यावर कडक कोटिंग देतात. त्यामुळे कुठलीही डिस्क असो, कडेने आणि मधल्या भोकात बोट घालूनच धरायची, कव्हरमधून काढताना मधलं बटण दाबून काढायची, ओढून वाकवायची नाही. डिस्कवर कागदी स्टिकर चिकटवू नका, उन्हाळ्यात त्याचा गोंद सुटतो आणि डिस्क फिरताना तोल जातो. नाव लिहायचंच तर मधल्या पारदर्शक भागावर, पाण्याच्या शाईच्या मार्करने.

२००७ च्या सुमाराला मोझर बेअर कंपनीने व्हीसीडी २८ रुपयाला आणि डीव्हीडी ३४ रुपयाला काढल्या तेव्हापासून लई घरात डिस्कचे ढीग झाले, मराठी, हिंदी, तेलुगू, कन्नड सगळं, आपल्या गावात चारही भाषांचे पिक्चर बघणारी घरं आहेतच. त्या काळातल्या स्वस्त डिस्क बऱ्याचदा कागदी किंवा पातळ प्लास्टिकच्या पाकिटात असतात. त्या आधी बाहेर काढा. मोकळी डीव्हीडी केस घाऊकात स्वस्त मिळते, जागा कमी असेल तर कापडी अस्तराच्या बाह्या असलेला अल्बम पण चालेल, मात्र अल्बम उभा ठेवायचा, त्याच्यावर दुसरा ठेवून दाबायचा नाही, उन्हाळ्यात दाबाने प्लास्टिक डिस्कला चिकटू शकतं. घरी बर्न केलेल्या डिस्क, म्हणजे सीडी-आर, डीव्हीडी-आर, त्यांना उजेड अजिबात सहन होत नाही, आतला रंगाचा थर उन्हाने उडतो. त्या अंधाऱ्या खणात.

रॅकची मापं सांगतो, सुताराला हीच द्या. डीव्हीडीची केस १९ सेंटिमीटर उंच आणि दीड सेंटिमीटर जाड, तर खणाची आतली उंची २१ ठेवा. ब्लू-रेची केस साधारण १७ सेंटिमीटर, तिला पण तोच खण चालतो. सीडीची केस साडेबारा सेंटिमीटर उंच आणि एक सेंटिमीटर जाड, तिला १५ चा खण पुरतो. ऑडिओ कॅसेटच्या केसला पण १५ चाच खण ठेवा, एकत्र करता येतं. खोली सहा इंच बास, सुतार सवयीने फूटभर खोल करतो आणि मग आपण दोन रांगा लावतो, मागच्या रांगेत काय आहे हे वर्षभर आठवत नाही आणि तेच पिक्चर परत विकत घेतले जातात. तीन फुटी एका खणात साधारण साठ डीव्हीडी बसतात. आत्ता आहे त्यापेक्षा निम्मी जागा जास्त धरूनच रॅक करा, कलेक्शन करणारा माणूस कधी थांबत नाही.

लाकूड कुठलं? भुसा दाबून केलेला बोर्ड नको, वजनाने मध्ये वाकतो आणि वाळवीला आवडतो. १८ एमएमचा वॉटरप्रूफ प्लाय चांगला. पण माझं खरं मत विचाराल तर कडप्पा. आपल्याकडे स्वयंपाकघरात, देवघरात कडप्प्याचे खण असतातच, तेच इथे करा. वाकत नाही, वाळवी लागत नाही, उंदीर कुरतडत नाही, रंग काळा असल्याने अंधाऱ्या रूममध्ये डोळ्याला त्रास नाही. भिंत आतली असेल तरच हं, तापणाऱ्या भिंतीत दगड बसवला तर तो पण तापणार. खणात पातळ फेल्ट किंवा कापड अंथरा म्हणजे केसला चरे पडत नाहीत. लाकडाचाच रॅक असेल तर भिंतीपासून दोन बोटं सोडून उभा करा, म्हणजे मागून वाळवी चढली तर दिसते. लोखंडी कपाट पण उत्तम, त्याचा पाय फरशीवर नुसता न टेकवता रबरी बूट घाला, खोली पुसताना पाणी लागून गंज चढतो.

डांबरगोळ्या टाकू नका. कपड्यात टाकतो तसं बरेच जण इथे पण टाकतात, पण सीडीची जी कडक पारदर्शक केस असते तिचं प्लास्टिक त्याच्या वाफेने खराब होतं. कव्हरचे कागद झुरळ आणि कसरीपासून वाचवायचे असतील तर कपाट वर्षातून दोनदा पूर्ण रिकामं करून पुसणं आणि त्या रूममध्ये खाणं टाळणं याला पर्याय नाही. पिक्चर बघताना शेंगदाणे, चिवडा, कडक भाकरीचा चुरा काही ना काही सांडतंच, मग तो त्याच रात्री झाडून घ्यायचा, सकाळवर ढकलायचा नाही.

रेकॉर्ड असतील तर मात्र ऊन हा सगळ्यात मोठा शत्रू. बारा इंची एलपी विनाइल नावाच्या प्लास्टिकची असते, ते उष्णतेने मऊ पडतं, आणि मऊ पडलेली रेकॉर्ड तिरकी टेकलेली असेल किंवा एकावर एक रचलेली असेल तर पापडासारखी वाकते, एकदा वाकली की घरच्या घरी सरळ करणं अवघड. म्हणून एलपी कायम उभी, पूर्ण सरळ, ना फार सैल ना फार गच्च. खणाची उंची आणि खोली दोन्ही ३४ सेंटिमीटर लागते, आणि दर फुटाला एक उभा पार्टिशन पाहिजे म्हणजे रांग एका बाजूला कलत नाही. वजन लक्षात घ्या, कव्हरसकट एक एलपी पाव किलोच्या आसपास भरते, शंभर रेकॉर्ड म्हणजे पंचवीस किलोपर्यंत जातं, त्यामुळे त्या सगळ्यात खालच्या खणात. खाली गारवा पण जास्त असतो. आतलं कागदी पाकीट जुनं झालं असेल तर बदला, मऊ पॉलिथिनचं घ्या, कडक चकचकीत पीव्हीसीचं कव्हर नको, ते उन्हाळ्यात रेकॉर्डला डाग पाडतं. गाडीत ठेवून तर कधीच जाऊ नका. मंगळवार पेठेतून, जुन्या बाजारातून दोन रेकॉर्ड घेतल्या आणि गाडी उन्हात लावून जेवायला बसलात तर परत येईपर्यंत संपलं.

धुवायची वेळ आली तर नळाचं पाणी नको, तेच क्षार खाचेत बसतात आणि चरचर वाढते. बॅटरीत घालायचं पाणी मिळतं ना दुकानात, ते वापरा. आणि आजोबांच्या काळातल्या ७८ आरपीएमच्या जड रेकॉर्ड असतील तर त्या विनाइलच्या नाहीत, लाखेच्या असतात, त्यांना स्पिरिट किंवा अल्कोहोल असलेलं काहीही लावू नका, ती विरघळते. हातातून पडली तर काचेवानी फुटते. त्यांना वेगळा खण, मध्ये मध्ये पुठ्ठा घालून.

कॅसेट, ऑडिओ असो की व्हीएचएस, त्यांना चुंबकाचं वावडं. सीडी-डीव्हीडीला चुंबकाने काही होत नाही, कॅसेटला होतं. थिएटर रूममध्ये सबवूफर आणि मोठे स्पीकर असतात, त्यांच्या मागे लोहचुंबक, तर कॅसेटचा खण त्यांच्यापासून निदान तीन फूट लांब. पूर्ण एका बाजूला गुंडाळून, केसमध्ये, उभी ठेवायची. वर्षातून एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवायची म्हणजे टेप एकमेकाला चिकटत नाही.

हार्ड डिस्क आणि मीडिया सर्व्हर (पिक्चरच्या फाइली ठेवून टीव्हीवर दाखवणारा कॉम्प्युटर) वाल्यांसाठी थोडक्यात. हार्ड डिस्कला उलट नियम, ती बंद कपाटात नको कारण चालताना ती स्वतः तापते, हवा खेळती पाहिजे, धूळ अडवायला जाळी चालेल. यूपीएस हवाच. लाइट गेली-आली आपल्याकडे नवीन नाही, आणि एप्रिल-मे मध्ये वळवाचा पाऊस विजांसकट येतो तेव्हा सगळ्या वायरी, केबल टीव्ही आणि इंटरनेटची सुद्धा, भिंतीतून काढून ठेवा. फोल्डरचं नाव पिक्चरचं नाव आणि पुढे वर्ष असं ठेवलं की कोडी, जेलीफिन सारखी सॉफ्टवेअर पोस्टर आणि माहिती आपोआप बरोबर आणतात. एसएसडी, म्हणजे फिरणारा भाग नसलेली चिपवाली डिस्क, महिनोन्‌महिने बंद करून तापलेल्या खोलीत टाकून देऊ नका, तिच्यातली माहिती विजेच्या चार्जवर असते, तो गरमीत लवकर उतरतो. साठवायला साधी फिरणारी हार्ड डिस्क बरी.

रॅकमध्ये डिस्क लावायच्या कशा, यावर घरात भांडणं होतात. मला भाषेप्रमाणे लावणं पटतं, आधी भाषा, मग त्यात अ आ इ च्या क्रमाने नाव. साल किंवा नटाप्रमाणे लावलं की घरातल्या बाकीच्यांना सापडत नाही, आणि आई-वडिलांना स्वतः उठून पिक्चर काढता आला पाहिजे. मोबाइलवर एक शीट करा, नाव, भाषा, खण नंबर आणि शेवटचा कॉलम 'कुणाकडे'. तो शेवटचा कॉलम सगळ्यात महत्त्वाचा. मित्र येतो, दोन डिस्क घेऊन जातो, आपण हसून देतो आणि विसरतो. नेतानाच त्याच्यासमोर लिहा, त्याला पण बरं वाटतं आणि मागताना आपल्याला अवघड वाटत नाही. डिस्क काढली की तिथे नाव लिहिलेला पुठ्ठा खोचून ठेवायचा, म्हणजे परत आली की जागा तयार.

आता सगळ्यात निकडीचं. बाजारात परत मिळेल असा पिक्चर गेला तरी वाईट वाटून घेऊ नका. पण लग्नाची व्हीएचएस, बारशाची हँडीकॅमची टेप, आजीने ओव्या म्हटलेली ऑडिओ कॅसेट, पोराच्या गॅदरिंगची घरी बर्न केलेली सीडी, ही जगात एकच असते. त्यामुळे पैसे आणि वेळ आधी यावर घाला, रॅक नंतर करा हवं तर. आधी टेप, कारण त्या वाजवायची मशीनच आता मिळेनाशी झाली, व्हीसीआर नवा बनतच नाही, २०१६ साली शेवटची कंपनी पण थांबली. मग घरी बर्न केलेल्या डिस्क. छापील डिस्क सगळ्यात शेवटी. शूटिंगवाल्या जुन्या स्टुडिओंकडे अजून चालू व्हीसीआर असतात, लग्नसराई नसेल तेव्हा गेलात तर निवांत करून देतात, आणि करून घेताना मूळ फाइल मागा, नुसती डीव्हीडी घेऊन येऊ नका. फाइल आली की तीन कॉपी करायच्या, एक घरातल्या हार्ड डिस्कवर, एक दुसऱ्या हार्ड डिस्कवर किंवा क्लाउडवर, आणि एक घराबाहेर. आपल्याकडे निम्म्या घरातली पोरं नोकरीला पुण्यात असतात, दिवाळीला आली की एक डिस्क त्यांच्या बॅगेत द्या आणि पुढच्या दिवाळीला परत मागवून, लावून, चालतेय का बघून, नवीन भर घालून पाठवा. मूळ कॅसेट टाकून देऊ नका, खालच्या खणात, स्पीकरपासून लांब, उभी ठेवून द्या.